हौसाबाईंची हरकत

पणदऱ्याला आमच्या शेजारी एक आत्या राहायच्या. मी शिकून नोकरीला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय काम असतंय गं तुला?" मी समजावून सांगितलं, की शहराच्या आखणीचं सरकारी कार्यालय आहे, रस्ते आणि घरं कुठं हे दुसरे ठरवतात, आणि मधे जी मोकळी जागा उरते ती कशी असावी हे मी ठरवते. आत्यांनी जरा विचार केला. म्हणाल्या, "म्हंजी जितं काय न्हाय, तितं तू हाईस." पुढच्या तीस-बत्तीस वर्षांत माझ्या पदाची इतकी नेमकी व्याख्या कुणालाच जमली नाही.

नेमणूकपत्रावर 'लँडस्केप आर्किटेक्ट' असं भारदस्त लिहिलेलं होतं. आमच्या घरी ते पत्र बुद्धाच्या तसबिरीशेजारी चौकट करून लावलं होतं. कार्यालयात मात्र शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांसाठी मी 'बागेच्या मॅडम'. साहेबांच्या टेबलावरची कुंडी सुकली की मला बोलावणं यायचं. कुणाच्या मुलीच्या लग्नात स्टेजमागं कुठली फुलं लावावीत, याचा सल्लाही मी दिलेला आहे, आणि तो फुकट गेला नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हा झाडाफुलांचा धंदा आहे. खरं तर आमच्या कामात झाड सगळ्यात शेवटी येतं. आधी जमीन बघायची, उतार बघायचा, माती किती खोल आहे ते बघायचं, ऊन कुठून येतं आणि माणसं कुठून येतात ते बघायचं. कॉलेजात आमचे एक सर होते. आम्ही रंगीत पेन्सिलींनी सुंदर बागा काढून न्यायचो. ते चष्मा कपाळावर सरकवून एकच प्रश्न विचारायचे, "पाणी कुठं जाणार? तेवढं सांग, मग फुलांचं बोलू." निम्मा वर्ग तिथंच गारद व्हायचा.

आणखी एक गोष्ट सांगते. नकाशात आम्ही झाडासाठी एक गोल काढतो. तो गोल वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या झाडाचा असतो. उद्घाटनाला आलेल्या लोकांना दिसते ती बांबूला बांधलेली काडी. म्हणजे आमच्या धंद्यात आधी थोडं खोटं काढावं लागतं आणि मग ते खरं होण्याची वाट बघत बसावं लागतं. बऱ्याचदा ते खरं होण्याआधी बदली होते.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. एक दुकानदार रस्त्यावरचं लिंबाचं झाड तोडण्याचा अर्ज घेऊन आले होते, कारण झाडामुळं दुकानाची पाटी दिसत नव्हती. मी जागा बघायला गेले तर गृहस्थ भर उन्हात त्याच लिंबाखाली खुर्ची टाकून माझी वाट बघत होते. मी म्हटलं, "काका, इथंच बसून बोलूया का?" बोलता बोलता त्यांच्याही ते ध्यानात आलं असावं. अर्ज त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि चहा मागवला.

इंदापूरकडच्या एका गावात मला आठवडे बाजाराची जागा आखायला मिळाली. मी मोठ्या अभ्यासानं झाडं लावली. सूर्य कुठून येतो, सावली कुठं पडते, सगळं मोजून. पाच-सहा वर्षांनी बघायला गेले तर ओटे रिकामे, आणि सगळ्या भाजीवाल्या पलीकडं शाळेच्या भिंतीला टेकून बसलेल्या. पेरू विकणाऱ्या एका आजींना कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "तू सावली सकाळची दिलीस बाय. बाजार भरतुया दुपारी चारला." आमच्या पणदऱ्याचा बाजार सकाळचा. सगळ्या जगाचा सकाळचाच असणार असं मी धरून चालले होते. आकाशातला सूर्य मोजला आणि बाजाराची वेळ विचारायची राहिली.

तिथंच शहाणी व्हायला हवी होते. पण माणूस एकदाच ठेच खाऊन शहाणा झाला असता तर आमच्या कार्यालयात इतक्या फायली साठल्या नसत्या. मला खरं शहाणपण आलं ते बारामतीच्या वेशीवरच्या एका बागेत, आणि ते देणाऱ्या बाईंचं नाव हौसाबाई. हा लेख त्यांच्यासाठीच लिहायला घेतला आहे.

प्रत्येक गावाचा एक विकास आराखडा असतो. पुढची वीस वर्षं गाव कसं वाढावं, याचा तो नकाशा. त्यात शाळेला जागा राखलेली असते, दवाखान्याला असते, बागेला असते. बागेची जागा कागदावर हिरवी दाखवतात. जमिनीवर तिथं बहुतेक वेळा वेड्या बाभळी असतात. अशीच एक जागा नव्या वसाहतीला लागून, कालव्याच्या खालच्या अंगाला होती. वर्षानुवर्षं ती तशीच पडून होती. शेवटी तिथं बाग करायचं ठरलं आणि पहिल्या रेघेपासून आखायचं काम माझ्याकडं आलं. एरवी कुणाच्या तरी अर्ध्या झालेल्या कामात मला झाडं खोवायला सांगत. ही एकच बाग पुरती माझी होती. मी किती खूश होते ते काय सांगू. सुट्टीच्या दिवशीसुद्धा टेप घेऊन तिथं फिरायचे.

बाग व्हावी म्हणून अर्जावर अर्ज करणारे होते ते कोऱ्हाळ्याचे तात्या. सारी हयात उसात गेलेली. आता शेती मुलांवर सोपवून थोरल्याकडं वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायला आले होते. त्यांनी घरोघरी जाऊन एकेक झाड वाटून दिलं. ज्याचं झाड त्यानं जपायचं. स्वतःसाठी त्यांनी बकुळ मागून घेतली होती. मी करंज, लिंब, कांचन, बहावा, ताम्हण अशी झाडं निवडली. मधे हिरवळ नको असं माझं मत होतं, पण हिरवळीशिवाय बाग म्हणजे काय असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी मान डोलावली.

पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी थंडी सरता सरता झाडं पिवळी पडायला लागली. आधी बहावे, मग ताम्हण. पानं मलूल होऊन लोंबायची. मी उसाच्या गावची. पिवळं पान दिसलं की आमच्याकडं एकच औषध, ते म्हणजे पाणी. मी लेखी सूचना काढली, पाणी दुप्पट करा. तात्या खूश झाले. "आता कशी बोललीस!" म्हणाले. माळ्यांनी नळ्या सोडल्या, वसाहतीतल्या बायका बादल्या घेऊन आल्या. झाडं आणखी पिवळी पडली.

त्याच सुमाराला त्या जागेवर वाहनतळ आणि गाळे व्हावेत अशी मागणी पुढं आली. मागणारेही काही वाईट नव्हते. गावात गाड्या वाढल्या होत्या आणि मेलेल्या बागेपेक्षा गाळे बरे असं त्यांना वाटलं तर त्यात चूक काय? आमचे वरिष्ठ सरळ माणूस होते. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, वाळलेल्या काड्यांसाठी मी किती भांडू? दिवाळीच्या आधी जागेची पाहणी करतो. झाडं उभी असली तर बाग राहील. नसली तर बदलाचा प्रस्ताव वर जाईल." एकदा प्रस्ताव वर गेला की ती हिरवी जागा नकाशावरून कायमची पुसली जाणार होती. मी घरी येऊन जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी बागेत गेले तर खुरपणीला बायकांची नवी टोळी आली होती. त्यात एक पन्नाशीच्या पुढच्या बाई होत्या, काटक, बसक्या. मूळच्या इंदापूरकडच्या जिरायती भागातल्या, लेकीकडं बारामतीला राहायला आलेल्या. निम्मं आयुष्य लोकांच्या डाळिंबाच्या बागांत मजुरी केलेली. मी एका ताम्हणापाशी उभी राहून माळ्याला सांगत होते, की याला अजून एक नळी लाव. बाई खुरपता खुरपता, मान वर न करता म्हणाल्या, "म्याडम, एक इचारू?"

"विचारा की."

"ही झाडं जगवायची हाईत का मारायची?"

मला असा राग आला! "मारायला कुणी झाडं लावतं का, बाई?"

"मग पाणी तोडा."

त्याच या हौसाबाई. त्यांनी खुरप्यानं ताम्हणाच्या आळ्याशेजारी कोपरभर खोल खड्डा केला आणि परत खुरपायला लागल्या. मी विचारलं, "आता काय?" त्या म्हणाल्या, "थांबा की वाईच." दहा मिनिटांनी त्यांनी मला खड्ड्यात बघायला लावलं. तळाला पाणी जमलं होतं. त्याला डबक्याचा वास येत होता. त्यांनी एक बारीक मूळ ओढून काढून माझ्या हातावर ठेवलं. काळं पडलेलं. चिमटीत धरून ओढलं तर साल मोज्यासारखी निघून आली.

"ह्यास्नी तहान न्हाय लागलेली," हौसाबाई म्हणाल्या. "ह्यांचा जीव गुदमरलाय. मुळास्नी बी वारं लागतं."

मी म्हटलं, "पण मी आधी माती तपासली होती. तीन ठिकाणी खड्डे घेतले होते. सगळे कोरडे होते."

"तवा कालव्याला पाळी हुती का?"

मी वर कालव्याकडं बघितलं. आमचा कालवा बारा महिने वाहत नाही. वरून पाणी पाळीपाळीनं सोडतात. पाळी सुरू असली की दोन्ही काठ भरून वाहतो, नसली की तळ दिसतो. मी खड्डे घेतले तेव्हा तळ दिसत होता. पाळी आली की कालव्याचं पाणी जमिनीच्या पोटातून पाझरून खालच्या अंगाला, म्हणजे नेमकं माझ्या बागेत उतरत होतं. वरून हिरवळीचं रोजचं पाणी. त्यावर माझी दुप्पट पाण्याची लेखी सूचना. पाणी कुठं जाणार हे मी सरांच्या भीतीनं नेहमी विचारत आले. ते येतं कुठून, हे विचारलं नव्हतं. कालव्याकाठच्या तालुक्यात जन्मून.

हौसाबाईंचा उपाय दोन गोष्टींचा होता. एक म्हणजे चर. कालव्याच्या बाजूनं कमरेइतकी खोल चर खणायची आणि येणारं पाणी बागेत शिरण्याआधीच पलीकडच्या ओढ्यात काढून द्यायचं. दुसरी म्हणजे ताण. डाळिंबवाल्यांना हा शब्द सांगायला नको. बहार धरायच्या आधी बागेचं पाणी तोडतात. झाड पानं टाकतं, बघणाऱ्याला वाटतं आता संपलं. मग पाणी दिलं की फुलून येतं. आपल्या झाडांना फळं नको होती, फक्त जमीन वाळायला हवी होती, पण धीर तोच लागणार होता. हौसाबाई म्हणाल्या, "उसवाल्यांना पाणी द्याया येतंय म्याडम. तोडाया येत न्हाय. तोडाया काळीज लागतं."

चरीची रेघ मी यंत्र लावून आखली. सरळ, देखणी. हौसाबाई तिच्यावरून चालत गेल्या आणि मधेच उजवीकडं वळल्या. "हितं खाली खडक हाय. पाणी हितं तुंबल. त्येला वळसा द्या." मी विचारलं, खडक आहे हे कशावरून. त्या म्हणाल्या, "हितली हरळी बगा की, खुरटलीया." पहार घातली तर दोन हातांवर खणकन् आवाज आला. माझी रेघ पुसून त्यांच्या वाटेनं चुन्याची फक्की मारली आणि त्यांचीच चर खणली.

पाणी बंद करण्याच्या आदेशावर सही करण्याआधी मात्र मी तो दोनदा वाचला. ऐन एप्रिलमध्ये, बारामतीच्या उन्हात, एका सरकारी बागेचं पाणी सरकारीच बाई लेखी तोडते आहे. झाडं मेली तर त्या कागदाशिवाय माझ्याविरुद्ध दुसरा पुरावा लागणार नव्हता.

आठ दिवसांत हिरवळ करपली. पंधराव्या दिवशी करंज पानं टाकायला लागले. मग काय विचारता! वसाहतीच्या ग्रुपवर बागेचे फोटो फिरले. बायकांचं शिष्टमंडळ आलं. मी मातीतल्या हवेबद्दल, मुळांबद्दल सगळं समजावून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं आणि शेवटी विचारलं, "मग पाणी कधी सोडताय?" पालथ्या घड्यावर पाणी म्हणायचीसुद्धा सोय नव्हती.

तात्यांचं बोलणं मला सगळ्यात लागलं. ते म्हणाले, "तू पणदऱ्याची ना? उसाच्या गावची लेक आन् पाणी तोडतीस? ज्या हातानं लावलंस त्याच हातानं मारतीस व्हय?" माझी स्वतःचीच खात्री नव्हती. माझ्या धीराचं मूळ एकच होतं. दर सोमवारी हौसाबाई एका फांदीला अंगठ्याचं नख लावायच्या, साल जराशी खरवडायच्या आणि मला दाखवायच्या. आत हिरवं असायचं. "हाय," एवढंच म्हणायच्या. त्या एका शब्दावर मी पुढचा सोमवार गाठायचे.

मग एक दिवस लक्षात आलं, की सगळ्या बागेत एकच आळं ओलं असतं. बकुळीचं. मी सकाळी सहालाच बागेत जाऊन उभी राहिले. हौसाबाई माझ्याही आधी आलेल्या. थोड्या वेळानं तात्या आले, हातात दुधाची किटली. झाकण काढून आतलं पाणी बकुळीच्या आळ्यात ओतायला वाकले.

"तात्या, किती दिस चाललंय हे?" हौसाबाईंनी विचारलं.

तात्या दचकले, पण किटली खाली ठेवली नाही. "तुला काय करायचंय?"

"मला खुरपायचंय. चिखलात खुरपं चालत न्हाय."

आता मोठा तंटा होणार म्हणून मी पुढं झाले. पण तात्या मटकन कट्ट्यावर बसले. म्हणाले, "चार एकर ऊस भिजवलाय बाई ह्या हातानं. पाळी आली की दिवस न्हाय, रात न्हाय, पाणी वळवायला, दारं धरायला मी उभा. आता तिसऱ्या मजल्यावर ऱ्हातो. पायाखाली माती म्हनून एवढं एक आळं हाय. सकाळी उठून त्येला बी पाणी घालायचं न्हाय, तर मी करायचं काय?"

मी नकाशात बाकं दाखवली होती, पायवाट दाखवली होती, ज्येष्ठ नागरिकांसाठी कट्टा दाखवला होता. काम दाखवलं नव्हतं.

हौसाबाईंनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "दारं धरायची हाईत ना? धरा की. त्या चरीत गाळ बसतुया, पाणी तुंबतंय. माझ्या एकटीच्यानं हुत न्हाय. जल्मभर पाणी आत घेतलंत तात्या, आता वाईच बाहीर काढा."

तात्यांनी त्यांच्याकडं बघितलं, चरीकडं बघितलं. "खोरं हाय का?" त्यांनी विचारलं.

त्या दिवसापासून चर तात्यांची झाली. कालव्याला पाळी आली की ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर हजर. कुठं काडी अडकली, कुठं गाळ बसला, सगळा हिशेब त्यांच्याकडं. मला फोन करून सांगायचे, "आज पाणी चांगलं चाललंय बगा." शेतात पाणी शिरल्याचा जो आनंद माणसाला होतो, तोच मी त्यांच्या आवाजात ऐकला, फक्त पाणी उलट्या दिशेनं चाललं होतं.

पावसाळ्यात सगळीकडं डबकी साचली, आमच्या बागेत साचली नाहीत. श्रावणात करंजांना लालसर कोवळी पालवी फुटली. पाठोपाठ लिंब, मग कांचन. एके दिवशी सकाळी हौसाबाईंनी मला हाताला धरून एका ताम्हणापाशी नेलं आणि नुसतं बोट दाखवलं. मला रडू आलं. भर बागेत, माळ्यांच्या देखत, पदर तोंडाला लावून मी रडले, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

सगळी झाडं वाचली असं मी म्हणणार नाही. बहावे बहुतेक गेले. आणि तात्यांची बकुळ गेली. हौसाबाई त्यांना एका शब्दानं बोलल्या नाहीत. तात्यांनी ती स्वतः खणून काढली, काळी मुळं हातात धरून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "उसाचा हात माझा, दुसरं काय." त्या जागी त्यांनी लिंब लावला. त्यानंतर झाडाला पाणी घालण्याआधी ते मातीत बोट खुपसून बघायला लागले.

दिवाळीआधी वरिष्ठ पाहणीला आले. सगळी बाग फिरले, चरीपाशी थांबले, मग एका करंजाच्या कोवळ्या सावलीत उभे राहून घाम पुसला. "ठीक आहे मॅडम, बाग," एवढंच म्हणाले आणि गाडीत बसले. बदलाचा प्रस्ताव गेला नाही.

काम पुरं झालं की प्रत्यक्ष जागेवर जे झालं त्याचा नकाशा करून दप्तरी ठेवावा लागतो. त्याच्या खालच्या कोपऱ्यात चौकोन असतो. रेखाटले कुणी, मंजूर केले कुणी, सह्या. मी त्यात एक ओळ वाढवली, 'निचरा जागेवर तपासला'. नियमात ती बसत नव्हती. पण नकाशाचा खालचा कोपरा कोण वाचतं? मी नकाशा घेऊन बागेत गेले आणि हौसाबाईंपुढं पसरला.

"हजेरीची सही का?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही तपासलं, याची."

"मग बघूं द्या." त्यांनी खुरपं बाजूला ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि उकिडव्या बसल्या. कालवा कुठला, ओढा कुठला, फाटक कुठलं, एकेक विचारून घेतलं. मग बोट फिरवत फिरवत चरीवर आल्या आणि थांबल्या. "ही चर आपली न्हाय."

मी वाकून बघितलं. नकाशावर माझी जुनी, सरळ, देखणी रेघ तशीच राहिली होती. खडकाचा वळसा आलाच नव्हता. मी म्हटलं, "राहिलं खरं. करते दुरुस्त, तुम्ही सही करा."

"आधी दुरुस्त करा," त्या म्हणाल्या. "तपासलं म्हनून लिवायचं आन् चुकीचं असंल तर कसं?"

मी परत गेले, दोन दिवस बसून वळसा काढला, खडक दाखवला आणि पुन्हा आले. मग त्यांनी पेन घेतलं आणि नातीनं शिकवलेली अक्षरं एकेक करून मांडली. हौ, सा, बा, ई. माझ्या सगळ्या कारकिर्दीत माझा नकाशा इतक्या काळजीनं दुसऱ्या कुणीही तपासला नाही.

बागेच्या फाटकावर संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर बरीच नावं आहेत. खाली बारीक अक्षरात माझंही आहे. हौसाबाईंचं नाही. मी विचारून बघितलं होतं. रोजंदारीवरच्या माणसाचं नाव घालण्याची पद्धत नाही असं उत्तर मिळालं आणि मी ते ऐकून घेतलं. आणखी भांडायला हवं होतं. निवृत्तीनंतर शूर व्हायला फार काही लागत नाही, हे मला कळतं.

निवृत्त होऊन मला काही काळ झाला असेल, तेव्हा बदली होऊन आलेल्या एका अभियंत्यांचा फोन आला. बागेत चालण्यासाठी ट्रॅक करायचा होता, सरळ आणि रुंद. त्यासाठी चर बुजवावी लागणार होती. जुना नकाशा काढला तर त्यात निचरा तपासल्याची सही निघाली. "मॅडम, या हौसाबाई कुठल्या विभागात होत्या? तपासणाऱ्यांची हरकत नाही असं लेखी घेतल्याशिवाय साहेब फाईल पुढं जाऊ देत नाहीत."

मला खरं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "त्या आता गावी असतात, इंदापूरकडं," आणि पत्ता दिला.

गृहस्थ खरोखर फाईल घेऊन गेले. पुढचं त्यांनीच मला सांगितलं. हौसाबाई एका डाळिंबाच्या बागेत खुरपत होत्या. ते ऑफिसर बाई शोधत बांधावर उभे. ओळख पटल्यावर त्यांनी तसंच, उभ्या उभ्या काम सांगितलं. हौसाबाई म्हणाल्या, "बुजवा की. पर पाणी कुठं जाईल, तेवढं सांगा."

"पाइप टाकू."

"पायपात गाळ बसल्यावं काढाया कोन शिरंल? तात्या?"

तात्या कोण, हे अभियंत्यांना ठाऊक नव्हतं. परत येताना ते बागेत गेले. कालव्याला पाळी होती. चरीच्या काठावर एक म्हातारे गृहस्थ पँट दुमडून, खोरं टेकून उभे होते. अभियंते अर्धा तास त्यांच्याशी बोलले आणि कार्यालयात परतले.

ट्रॅक झाला. तो चरीच्या कडेकडेनं जातो, खडकापाशी उजवीकडं वळतो आणि मग पुढं सरळ होतो. सकाळी चालायला येणारे लोक म्हणतात, सरकारी काम, एक रेघ सरळ म्हणून जमली नाही.

अभियंत्यांनी मला कार्यालयात बोलावून फाईलवरचा शेरा दाखवला. तीस-बत्तीस वर्षं मी सरकारी शेरे वाचत आले. त्यातल्या एकाही शेऱ्यानं माझा ऊर भरून आला नव्हता. हा मी उभ्या उभ्या तीनदा वाचला. लिहिलं होतं, 'तपासणी अधिकारी श्रीमती हौसाबाई यांची हरकत आहे. सबब मार्गाची आखणी बदलावी.'

बाहेर येऊन मी लगेच इंदापूरला फोन लावला आणि शब्द न् शब्द त्यांना म्हणून दाखवला. पलीकडं खुरप्याचा आवाज थांबला. मला वाटलं, बाईंना भरून आलं असावं.

"मग?" हौसाबाई म्हणाल्या. "हायच की हरकत."

आणि खुरपं पुन्हा सुरू झालं.